फोनची झाडलोट करणाऱ्या साहेबांस

प्रति,
श्रीमान फोन क्लीनरसाहेब,
ऊर्फ रॅम बूस्टर, ऊर्फ टास्क किलर, ऊर्फ बॅटरी सेव्हर,
मुक्काम : माझ्या वडिलांचा मोबाईल,
ता. कर्जत, जि. रायगड



पत्रास कारण की, आपण आमच्या घरी कुणीही न बोलावता आलात आणि आल्या दिवसापासून अहोरात्र राबत आहात. मागे चाललेली ॲप बंद करायची, रॅम मोकळी करायची, फोन थंड करायचा, जमलेच तर दोन-चार व्हायरसही पकडायचे. इतके सगळे एकट्याने उरकून आपण मागता काय, तर पाच सेकंदांची एक जाहिरात. लावणीच्या दिवसांत कर्जत-खालापुरात वाढीव मजुरी कबूल करूनही माणूस मिळत नाही. असा सेवेकरी फुकटात लाभावा, हे आमच्या घराण्याचे भाग्यच म्हणायचे.

सर्वांत आधी आभार मानते ते अभ्यासाबद्दल. आपण बाबांच्या फोनमध्ये नेमके करता तरी काय, हे शोधायला बसावे लागले नसते, तर अँड्रॉइडच्या पोटात काय चालते हे मला कधी कळलेच नसते.

अँड्रॉइडचा पहिला फोन २००८ साली बाजारात आला, तेव्हा त्यात रॅम होती १९२ एमबी. आज कर्जत स्टेशनबाहेरच्या दुकानातल्या सगळ्यात स्वस्त फोनमध्येही तिच्या कितीतरी पट असते. एवढ्याशा जागेत सगळ्यांना नांदवायचे म्हणून ही प्रणाली रचणाऱ्यांनी सुरुवातीपासूनच आत एक कारभारी बसवून ठेवला. कोणते ॲप समोर उघडे आहे, कोणते मागे गाणे वाजवते आहे, कोणते मघाशी वापरून सोडून दिले आहे, याची प्रतवारी तो सतत लावत असतो. जागा कमी पडू लागली की सगळ्यांत कमी गरजेचे ॲप तो स्वतःच बंद करतो, कुणाला न विचारता आणि जाहिरात न दाखवता. ही घडी बसवणाऱ्या गुगलच्या अभियंत्यांपैकी डायॅन हॅकबॉर्न यांनी एप्रिल २०१० मध्येच लेख लिहून हे सारे जाहीरपणे समजावून सांगितले होते. साहेब, आपण जे पद भूषवत आहात, ते आधीच भरलेले होते.

आपला आकडा मात्र मानला पाहिजे. ‘रॅम ९१ टक्के भरली!’ लाल वर्तुळ, उद्गारचिन्ह, खाली धडधडणारे बटण. बाबांसारख्या माणसाला हे दाखवले की त्यांच्या पोटात गोळा येतो. आयुष्यभर ज्यांनी कणगी भरलेली असावी अशी इच्छा धरली, त्यांना ‘भरलेले म्हणजे वाईट’ असे पटवून देणे सोपे नव्हते. ते आपण करून दाखवलेत.

भरलेली रॅम हा दोष आहे असे कुणी ठरवले, साहेब? ती भरण्यासाठीच असते. मघाशी वापरलेले ॲप तिथे निपचित पडून राहते, पुन्हा लागले की क्षणात समोर येते. आमच्या आजीच्या काळी रात्री चुलीतले निखारे राखेखाली झाकून ठेवत. सकाळी राख बाजूला सारून फुंकर घातली, दोन काटक्या टाकल्या, की विस्तव तयार. अँड्रॉइड हेच करतो. आपण मात्र दर तासाला हंडाभर पाणी ओतता आणि चूल स्वच्छ झाल्याची आनंदाची बातमी देता. मग व्हॉट्सॲप उघडायचे तर सगळे पहिल्यापासून : साठवणीतून ॲप वाचून काढा, प्रोसेसर कामाला लावा, नेटवर जाऊन पुन्हा सगळे आणा. यात जी बॅटरी जळते, ती ‘बॅटरी सेव्हर’ या आपल्या चौथ्या नावाच्या खात्यावर मांडावी का?

रॅमच्या चिपला वीज लागते ती भरलेली असो वा रिकामी, सारखीच. आतली माहिती टिकावी म्हणून तिला सतत ताजे करावे लागते आणि हे काम पूर्ण चिपवर चालते. म्हणजे ९१ चे ६२ केल्याने बॅटरीच्या दृष्टीने काही वाचत नाही. उलट ज्या ॲपला मागे काम करायचेच असते, त्याची सेवा आपण साध्या रीतीने मारली की अँड्रॉइड ती थोड्या वेळाने पुन्हा उभी करतो. आपण पुन्हा मारता. तो पुन्हा उभी करतो. या झटापटीत फोन गरम झाला की आपण ‘फोन गरम झाला आहे, थंड करू का?’ असे इतक्या मायेने विचारता, की गहिवरून येते.

आता बाबांची सकाळ सांगते. ते ओटीवर बसतात. चष्मा चढवतात. पडद्यावर आपली सूचना आलेलीच असते. उजव्या हाताची तर्जनी ते सदऱ्याला पुसतात, कारण मातीत काम केलेले बोट पडद्याला पटकन कळत नाही, आणि ‘आता साफ करा’वर दाबतात. निळ्या पडद्यावर झाडू फिरतो, कचऱ्याचे ठिपके उडतात, आकडा सरसर खाली येतो. मग जाहिरात. तिची फुली एवढीशी, की बाबांचे बोट हमखास जाहिरातीवरच पडते आणि कसलेसे कर्जाचे पान उघडते. ते शांतपणे मागे येतात. आणि मला हाक मारतात, ‘अगं, फोन साफ केला मी.’ तो समाधानाचा सूर ऐकून मला आपल्याबद्दल जे वाटते, ते या पत्रात लिहिण्याजोगे नाही.

कारण त्याच झाडूखाली त्यांच्या ब्लडप्रेशरच्या गोळीची आठवण करून देणारे ॲप गेलेले असते. आपण पहिल्याच दिवशी ‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगी मागून घेतली होती. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही, हातांनी दाबता येत नाही, त्यांना फोन वापरता यावा म्हणून ही सोय आहे. ती हाती आली की पडद्यावरचे वाचता येते आणि माणसाच्या वतीने बटणे दाबता येतात. बँकेचे खाते लुटणारी घातक ॲप याच परवानगीसाठी टपलेली असतात. आपण ती वापरून एकेका ॲपच्या सेटिंगमध्ये जाता आणि ‘फोर्स स्टॉप’ दाबता. फोर्स स्टॉप झालेल्या ॲपचे लावलेले गजर रद्द होतात आणि माणसाने स्वतः ते पुन्हा उघडेपर्यंत ते जागे होत नाही. बाबा ते का उघडतील? वाजेल तेव्हा गोळी घ्यायची, एवढाच त्यांचा त्याच्याशी संबंध. ते वाजले नाही. संध्याकाळी डोके जड झाले, म्हणून मी गोळ्यांची पट्टी पाहिली, तेव्हा कळले. आपल्या सेवेची ही पावती मी जपून ठेवली आहे.

आपले हात इतके लांब का करावे लागले, तेही कळले, आणि त्याबद्दल सहानुभूती वाटते. २०१० च्या अँड्रॉइड २.२ पासून दुसऱ्याची ॲप सरसकट बंद करण्याची मुभा आपल्याकडून काढून घेतली गेली. २०१५ मध्ये फोन पडून असेल तर ॲपना आपोआप झोपवणारी ‘डोझ’ आली, २०१७ मध्ये मागे चालण्यावरच बंधने आली, अँड्रॉइड ११ पासून निपचित ॲपना गोठवून ठेवण्याची सोय झाली. आणि २०२३ च्या अँड्रॉइड १४ मध्ये तर मागची कामे बंद करण्याची आज्ञा आपण दिली, तरी ती फक्त आपल्या स्वतःच्याच कामांना लागू होते. म्हणजे नव्या फोनवर, वाकडी वाट धरली नाही तर, साहेब स्वतःलाच झाडून काढू शकतात. झाडूचे चित्र तेवढे तसेच फिरत राहते.

व्हॉट्सॲपविषयीही आपला मोठा गैरसमज दिसतो. ते दिवसभर मागे धावत असते आणि बॅटरी खाते, असे आपण बाबांना सांगितलेत. प्रत्यक्षात सगळ्या ॲपच्या वतीने गुगलची एकच जोडणी जागी असते. निरोप आला की ती संबंधित ॲपला हलवून उठवते, सूचना वाजते, ॲप पुन्हा पडून राहते. हे आपल्याला पाहवत नाही. आपण त्याचा पुरता निकाल लावता आणि निरोप अडकून राहतात.

निरोप अडकणे म्हणजे काय, हे मुंबईत बसून कळणार नाही. म्हणून खालापूर तालुक्याचे सांगते. १९ जुलै २०२३ च्या रात्री, चौक गावाजवळ इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला. वर गाडीरस्ता नव्हता, मदतीला गेलेली माणसे भर पावसात चढून गेली. २७ मृतदेह हाती आले, ५७ माणसे सापडलीच नाहीत आणि २३ जुलैला शोध थांबवला गेला. कोणत्याही ॲपने ती रात्र टळली असती, असे मी म्हणत नाही. पण तेव्हापासून चौकपासून कर्जतच्या डोंगरवाड्यांपर्यंत पावसाळ्यातल्या रात्री माणसे फोन उशाशी घेऊन निजतात. धारेवरून दगड आले, ओढ्याचे पाणी गढूळ झाले, की कुणीतरी वाडीच्या ग्रुपवर टाकते. सरकारचा सेल ब्रॉडकास्टचा इशारा कुठल्या ॲपवर अवलंबून नसतो, तो आपल्या हाताबाहेर आहे. शेजारच्या वाडीचा निरोप मात्र आपल्या तावडीत असतो. तो वाजला पाहिजे, साहेब. रात्री दोन वाजताही वाजला पाहिजे. इथे माझी विनोदबुद्धी संपते.

दामिनीचेही तेच. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने विजेचा इशारा देण्यासाठी हे ॲप तयार केले. माणूस जिथे असेल तिथून २० आणि ४० किलोमीटरच्या परिघात विजा पडत असतील, तर ते सांगते. आमच्याकडे त्याची खरी गरज ऑक्टोबरात. कर्जतच्या भात संशोधन केंद्राचे कर्जत-३ सारखे हळवे वाण तोवर कापणीला आलेले असते. दुपारपर्यंत रणरणते ऊन, चारच्या सुमारास माथेरानच्या बाजूने काळे भरून येते आणि परतीचा पाऊस गडगडत उतरतो. त्या वेळी माणसे उघड्या खाचरात असतात, हातात विळा, पायाखाली ओल, आणि जवळ आसरा म्हणजे बांधावरचे झाड, जिथे विजेत उभे राहणे सगळ्यात धोक्याचे. वीज पोचण्याआधी घराकडे वळायला जेवढी मिनिटे लागतात, तेवढी मिळवून देणे हेच दामिनीचे काम. त्यासाठी तिला खिशातल्या फोनमध्ये मागे जागे राहावे लागते.

आणि मी मागच्या हंगामात बाबांच्या फोनमध्ये पाहिले, तर आपल्या यादीत दामिनीपुढे लाल अक्षरांत लिहिले होते : ‘अनावश्यक. बॅटरी खाते.’

प्रवासातल्या आपल्या उपकारांवर फार शाई घालवत नाही. कर्जत स्टेशनवर तिकिटाचे पैसे भरताना ओटीपी बघायला मेसेजमध्ये जावे आणि परत यावे, तर पैसे भरण्याचे पान नाहीसे, कारण तेवढ्यात आपण ‘बूस्ट’ केलेले असते. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी करत खोपोलीला जाणाऱ्या गाड्या मोजक्या. एक सुटली की फलाटावर बसून वडापाव खाण्याचा योग आपल्यामुळे वारंवार येतो.

आपले काही चाहते म्हणतील, महागडे फोनवाले काय बोलतात, स्वस्त फोन हळू चालतो त्याचे काय? प्रश्न खरा आहे आणि तो विचारणारी माणसे माझी आहेत. २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले फोन परत केले होते. २ जीबी रॅमचे ते फोन कामाचे ॲप पेलत नव्हते, अडकत होते, तापत होते. ज्या बाईला कातकरी वाडीवर जाऊन मुलांचे वजन भरायचे आहे, तिच्या हाती असा फोन देणे हा अन्याय आहे. पण तो क्लीनरने दूर झाला नाही, होणारही नव्हता. कमी रॅमच्या फोनवर आपण स्वतःच एक जास्तीचे ॲप असता, आणि तेही कधी न झोपणारे. अशा फोनला लागते ती जास्त रॅम, हलकी ॲप आणि साठवणीतली मोकळी जागा. सकाळच्या शुभेच्छांचे फोटो आणि व्हिडिओ काढून टाकले, न लागणारी ॲप काढली, तर फोन जेवढा हलका होतो, तेवढा आपल्या झाडूने कधी झाला नाही.

खानदानाबद्दल विचारणे शिष्टाचाराला धरून नाही, तरी विचारते. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, तेव्हा टिकटॉकचीच चर्चा झाली. त्याच यादीत क्लीन मास्टर, डीयू क्लीनर, डीयू बॅटरी सेव्हर, व्हायरस क्लीनर ही आपली भावकी होती. सरकारने कारण दिले ते देशाच्या सुरक्षेचे आणि लोकांच्या माहितीचे. त्याच वर्षी फेब्रुवारीत गुगलने सुमारे ६०० ॲप स्वतःच्या दुकानातून काढली होती, भलत्या वेळी माणसाच्या तोंडावर जाहिराती फेकतात म्हणून. भावकीतले बरेच गेले. नावे, चिन्हे बदलून नवी पिढी आली. तीच लाल वर्तुळे, तोच झाडू.

आयफोनवाल्या घरांतही आपली दीक्षा पोचली आहे. तिथे आपल्याला ॲप बंद करण्याची सोयच नाही, म्हणून माणसे स्वतः एकेक ॲप वर सरकवून फेकत बसतात. २०१६ मध्ये ॲपलचे तेव्हाचे प्रमुख टिम कुक यांना एका ग्राहकाने ईमेलवर विचारले, की तुम्ही असे करता का आणि बॅटरीसाठी ते गरजेचे आहे का. उत्तर दिले ते ॲपलच्याच क्रेग फेडरिघी यांनी, आणि दोन्हींना नकार दिला. अँड्रॉइडचे तेव्हाचे प्रमुख हिरोशी लॉकहाइमर यांनीही त्याच सुमारास तसेच सांगितले. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची इतकी एकवाक्यता फार कमी गोष्टींवर होते. ती घडवून आणण्याचा मान आपला.

आपल्याला थोडे न्यायाने वागवायचे तर मान्य करते, की ही सवय हवेतून आलेली नाही. जुन्या नोकियाच्या फोनवर मेनूचे बटण दाबून धरले की चालू असलेल्या ॲपची यादी यायची आणि ती बंद करणे खरेच उपयोगाचे असायचे. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर टास्क मॅनेजर होताच. ती पिढी अजून फोन वापरते आहे. फोन बनवणाऱ्या कित्येक कंपन्यांनीही ‘सर्व बंद करा’ची भली मोठी फुली देऊन आणि स्वतःच ॲपना अकाली मारून हा समज पोसला. त्यांच्यापैकी कोण ॲप कशी मारतो, याची जंत्री ‘डोन्ट किल माय ॲप’ नावाच्या संकेतस्थळावर आहे. एखादे ॲप अडकले, नकाशा विनाकारण चालू राहिला, तर तेवढे एक बंद करावे. बॅटरी कोण खाते, हे फोनच्या सेटिंगमधले बॅटरीचे पान सांगते. त्यासाठी मध्यस्थ लागत नाही.

तेव्हा निरोपाची तयारी करावी. आपल्यासाठी सगळी व्यवस्था मी केली आहे. आधी सेटिंगमध्ये जाऊन आपली ॲक्सेसिबिलिटीची परवानगी काढून घेईन. मग इतर ॲपवर झळकण्याची. डिव्हाइस ॲडमिनमध्ये बसला असाल, तर तिथूनही उठवीन, नाहीतर आपण जाता जात नाही असे ऐकले आहे. त्यानंतर अनइन्स्टॉल. मग दामिनी, गोळीचे ॲप आणि व्हॉट्सॲप या तिघांच्या बॅटरीच्या पानावरचा निर्बंध उठवीन आणि प्रत्येक ॲप एकदा उघडून जागे करीन. बाबांना सांगितले आहे. ‘मग फोन साफ कोण करणार?’ असे त्यांनी विचारले. मी त्यांना मऊ फडके दिले आहे, पडदा पुसायला. आकडा दाखवत नाही म्हणून सुरुवातीला ते जरा खट्टू होतील, पण पडदा खरेच स्वच्छ होतो.

दसऱ्यानंतर खाचरांत विळा लागेल. त्याआधी जागा रिकामी करून द्यावी, ही कळकळीची विनंती. शेजारपाजारच्या फोनमध्येही आपले बिऱ्हाड आहे, याची मला कल्पना आहे. मी एकेका ओटीवर जाणार आहे.

कळावे,

आपल्या एका यजमानाची मुलगी,
कर्जत